वाचकांचे प्रश्न : घरच्यांसोबत सायकल आणि मुंबईचा रस्ता

गेल्या अंकात रोजच्या व्यायामासाठी सायकल का निवडावी, याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून एक गोष्ट ठळकपणे जाणवली. सायकलच्या फायद्यांबद्दल फारशी कोणाला शंका नाही. काळजी आहे ती मुलाबाळांना घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरण्याची. ही काळजी रास्त असल्यामुळे या वेळी मोजकीच पत्रे घेतली आहेत आणि जिथे गरज आहे तिथे उत्तर विस्ताराने दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे, १२ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा, असे चौघांनी दर रविवारी सकाळी सायकलवरून बाहेर पडावे, असे ठरवत आहोत. सासूबाईंचे म्हणणे, "लेकरांना घेऊन त्या गाड्यांच्या गर्दीत कशाला जाता?" मला त्यांचे चुकते आहे असेही वाटत नाही. सुरुवात कशी करावी आणि जावे कुठे? (एक वाचक, कांदिवली पूर्व)

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे आणि ती सोबत घेऊनच बाहेर पडावे, असे मी म्हणेन. ८ वर्षांच्या मुलाला सायकल तोलता येते, वळवता येते, वेळेवर थांबवताही येते; पण समोरून येणारी रिक्षा किती वेगात आहे आणि ती आपल्यापर्यंत कधी पोहोचेल, हा हिशेब त्याला अजून नीट जमत नाही. साधारण दहाव्या वर्षापर्यंत वेग आणि अंतर यांचा हा अंदाज कच्चाच असतो, मग मूल कितीही चुणचुणीत असो. त्यामुळे कधी थांबायचे, कधी निघायचे आणि कुठे उतरून चालायचे, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे, आणि चौघांचा वेग मात्र धाकट्याच्या पायांनी ठरवायचा. मोठी माणसे पुढे निघून गेली की मागे राहिलेले मूल त्यांना गाठण्यासाठी जीव तोडून पायडल मारू लागते आणि त्या घाईत त्याचे रस्त्याकडे लक्ष राहत नाही.

रांग अशी असावी : एक जण सर्वांत पुढे, त्यांच्या मागे मुलगी, तिच्या मागे मुलगा आणि शेवटी तुमच्यापैकी दुसरे. शेवटच्या व्यक्तीने मुलाच्या अगदी सरळ मागे न राहता किंचित उजवीकडे राहावे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या चालकाला आधी मोठे माणूस दिसते आणि तो गाडी थोडी बाहेरून काढतो. एखाद्या रविवारी तुमच्यापैकी एकच जण असेल, तर त्याने मागे राहावे; पुढे राहिल्यास मुले काय करत आहेत हे सतत मान वळवून पाहावे लागते आणि तेवढ्यात समोरचा खड्डा नजरेतून सुटतो. दोन सायकलींमध्ये निदान दोन सायकलींएवढे अंतर ठेवा. निघण्यापूर्वी चार शब्द ठरवून घ्या, जसे "थांबा", "खड्डा", "गाडी", "उतरा", आणि ते पुढच्याने मोठ्याने उच्चारायचे व मागच्यांनी पुन्हा म्हणायचे. मुलांना हा खेळ फार आवडतो. मोठा रस्ता ओलांडताना चौघांनीही उतरून, सायकली हातात धरून, चालतच ओलांडावा.

डाव्या बाजूने चालायचे हे सर्वांना माहीत असते, पण नवखे सायकलस्वार इतके डावीकडे सरकतात की उभ्या गाड्यांना खेटूनच जातात. मुंबईत खरा धोका तिथेच आहे. टॅक्सी थांबते, मागच्या सीटवरचा प्रवासी पैसे देतो आणि मागे न बघता दार उघडतो. रिक्षाला दार नसले तरी उतरणाऱ्याचा पाय थेट रस्त्यावर येतो. म्हणून उभ्या गाड्यांपासून एक हात तरी अंतर ठेवावे, आणि मागच्या काचेतून आत डोके दिसले, किंवा ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझलेला दिसला, तर दार उघडणारच असे समजून वेग कमी करावा. बेस्टची बस थांब्याकडे वळताना तिच्या डावीकडून पुढे जाण्याचा मोह अजिबात नको. चालकाला त्या बाजूची खाली असलेली सायकल, त्यातही लहान मुलाची, सहसा दिसत नाही. बसच्या मागे थांबावे. अर्धा मिनिट जातो, त्यापेक्षा अधिक काही जात नाही.

वेळेबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. "पहाटे रस्ते मोकळे असतात" हे बरोबर असले, तरी जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो तो सव्वासातच्या सुमारास, आणि जूनमध्ये सहाच्या सुमारास. हिवाळ्यात सहा वाजता निघालात तर पहिला तासभर अंधारात आणि अंधुक उजेडात जाईल, आणि त्याच मोकळ्या रस्त्यावर गाड्याही सुसाट असतात. शिवाय त्या दिवसांत पहाटेची धूसर हवा जमिनीलगत साचून राहते. मुले सोबत असताना नीट उजाडल्यावरच निघावे. तरीही प्रत्येक सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, कारण झाडांच्या दाट सावलीत आणि पुलाखाली दिवसाही त्याचा उपयोग होतो.

आता जागा. पहिले दोन-तीन रविवार सोसायटीचे आवार किंवा जवळचे मैदान पुरे. तिथे ही रांग आणि हे शब्द अंगवळणी पडू द्या. मग वस्तीतले आतले रस्ते घ्या. पश्चिम द्रुतगती महामार्गावर मुलांना घेऊन मुळीच जाऊ नका, सेवा रस्त्यावरही नको. तुमच्यापासून जवळ म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे आत सायकली भाड्याने मिळतात, त्यामुळे घरच्या सायकली तिथपर्यंत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. सोमवारी उद्यान बंद असते. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा असून शेवटी चांगलाच चढ आहे. चढ दमवतो, पण जपायचे ते परतीच्या उताराला. माझ्या मुलीने नवव्या वर्षी त्या उतारावर दोन्ही ब्रेक खालपर्यंत एकसारखे दाबून धरले होते. खाली आल्यावर तिची बोटे मुडपलेलीच राहिली, मुठी मी हळूहळू चोळून उघडल्या. ब्रेक सोडत-दाबत उतरायचे असते, हे मी तिला वर असताना सांगायला हवे होते. तुम्ही पहिल्या खेपेस चढ सुरू होतो तिथूनच परत फिरा. खाण्याची पिशवी मात्र हँडलला अडकवू नका. सायकल चालू असतानाही माकडे पिशवी ओढतात.

प्रश्न : किनारी मार्गावरून किंवा वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून रविवारी सकाळी सायकलने जाता येते का? (एक वाचक, प्रभादेवी)

उत्तर : नाही. सागरी सेतू, किनारी मार्ग आणि २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू या तिन्हींवर सायकलींना मनाई आहे. मोटारसायकलींनाही तिथे परवानगी नाही. मरीन ड्राइव्ह आणि वांद्र्याचा कार्टर रोड येथे रविवारी सकाळी लवकर बरेच सायकलस्वार दिसतात, तिकडे जावे.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. मधुमेहासाठी गोळ्या सुरू आहेत, गुडघे कुरकुरतात. दहा वर्षांचा नातू सायकल शिकला आहे आणि "आजोबा, तुम्हीही चला" असा हट्ट धरतो. या वयात पुन्हा सायकल चालवावी का? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपण आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि त्यांनी हो म्हटले तर नातवाचा हट्ट जरूर पुरवावा. चालताना गुडघ्यावर शरीराचा भार पडतो. सायकलवर तो बराचसा सीट पेलते, आणि गुडघा मात्र हलता राहतो. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. सीट खाली असेल तर मात्र हेच उलटे होते. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी पाय सहज टेकावेत म्हणून सीट अगदी खाली ठेवतात, त्यामुळे प्रत्येक पायडलला गुडघा खूप दुमडतो आणि दुखू लागतो. सायकल भिंतीला टेकवून तिच्यावर बसा, पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ होत असेल तर उंची बरोबर आहे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तसाच तो हवा.

मधुमेहात सायकलचा फायदा असा की, काम करणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि नियमित व्यायामाने इन्सुलिनही अधिक चांगले काम करू लागते. मात्र काही गोळ्यांमुळे, तसेच इन्सुलिनमुळे, व्यायामाच्या वेळी साखर एकदम खाली येऊ शकते. आपल्या गोळ्या त्यांतल्या आहेत का, हे डॉक्टरांना नेमके विचारा. उपाशीपोटी निघू नका, खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवा, आणि दरदरून घाम, हातांची थरथर किंवा भोवळ जाणवली तर तिथेच उतरून ती तोंडात टाका. हे नातवालाही समजावून सांगा. दहा वर्षांच्या मुलाला एवढी जबाबदारी नक्की पेलते आणि त्याचे त्याला अप्रूपही वाटते.

किती चालवावी, असा प्रश्न पुढे येतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास आपल्याला पुरतो. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम आहेत असे समजावे. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये तिथल्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला होता. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अभ्यासाच्या काळात मृत्यूचे प्रमाण, मोटार किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. अशा अभ्यासातून सायकल हेच एकमेव कारण सिद्ध होत नाही, परंतु असे निष्कर्ष इतर देशांतूनही आलेले आहेत. एक उणीव मात्र सांगतो : सायकलवर हाडांवर भार येत नसल्यामुळे हाडे बळकट होण्यास तिची फारशी मदत होत नाही. म्हणून झेपेल तेवढे चालणे सोडू नका.

आणि सायकल घ्याल ती मधली दांडी खाली असलेली घ्या. तिला दुकानात "लेडीज सायकल" म्हणतात म्हणून संकोच नको. दांडीवरून पाय टाकताना तोल जाणे हेच या वयातले पडण्याचे मोठे कारण असते.

प्रश्न : माझी ४ वर्षांची मुलगी रोज माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून बालवाडीत जाते. ती मला घट्ट धरून बसते. शेजारी म्हणतात, हे बरोबर नाही. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : शेजाऱ्यांचे ऐका, आणि उद्यापासूनच. आपल्याकडे बहुतेकांचे लहानपण वडिलांच्या कॅरिअरवर किंवा पुढच्या दांडीवर गेले आणि त्या आठवणी गोड आहेत. पण त्याच पिढीतल्या कितीतरी जणांच्या टाचेवर चाकाच्या तारांचा व्रण आहे. माझ्या डाव्या टाचेवर तो आहे. पाच वर्षांचा असताना झोप अनावर होऊन माझा पाय लोंबकळला, तो तारा आणि चौकट यांच्यामध्ये गेला, आणि टाचेची कातडी सालीसारखी सोलून निघाली. वडिलांना काही कळण्याआधी सायकल थांबलीसुद्धा होती. ती जखम भरायला दीड महिना लागला. टाचेच्या मागच्या बाजूची कातडी पातळ असते, खाली लगेच स्नायूंची दोरी आणि हाड, त्यामुळे अशा जखमा चिघळतात आणि कधी हाडही मोडते.

मुलगी घट्ट धरते, हे खरे असेलही, पण ४ वर्षांच्या मुलाचे हात कंटाळतात, लक्ष फुग्यावाल्याकडे जाते. मागे पक्की बसणारी, पाठ टेकता येणारी, पट्टे असलेली आणि दोन्ही बाजूंनी पाय झाकणारी लहान मुलांची सीट मिळते. ती बसवून घ्या. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या, जशी साडी अडकू नये म्हणून लावतात. सीट किती किलोपर्यंत चालते हे तिच्यावर लिहिलेले असते, ते पाहा. मुलीला बसवताना सायकल स्टँडवर सोडून बाजूला होऊ नका. अशा वेळी सायकल आडवी होते. एक वर्षाखालील बाळाला तर कोणत्याही सीटवर सायकलवरून नेऊ नये, कारण त्याची मान हादरे आणि हेल्मेटचे ओझे पेलण्याइतकी बळकट झालेली नसते.

प्रश्न : ७ वर्षांच्या मुलासाठी २४ इंचांची सायकल घेतली, म्हणजे पुढची चार वर्षे चिंता नको. पण तो सारखा पडतो आणि आता बसायलाच तयार नाही. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तशी सायकल घेता येत नाही. या वयाला साधारण २० इंचांची सायकल लागते. नेमके पाहायचे ते असे : मूल दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले असता दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत, आणि हँडल धरूनच बोटे ब्रेकपर्यंत सहज पोहोचावीत. ब्रेक दाबायला हात सरकवावा लागत असेल तर ती सायकल त्याच्यासाठी धोक्याची आहे. मोठी सायकल विकून जुनी, लहान घ्या. सोसायटीत चौकशी केलीत तरी कोणाच्या तरी जिन्याखाली ती धूळ खात पडलेली सापडेल.

भीती घालवण्यासाठी लहान सायकलची दोन्ही पायडले काढा आणि सीट खाली करा. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, ते उजवीकडे फिरवले की सैल होते. जोर लावून आटे मोडू नका. मग मुलाला पायांनी जमीन रेटत हळूहळू पुढे जाऊ द्या. काही दिवसांत तो दोन्ही पाय उचलून घसरत जाऊ लागेल, आणि तोल सापडला की पायडले परत लावा. बाजूला लावायच्या छोट्या चाकांपेक्षा ही रीत मला अधिक पसंत आहे, कारण त्या चाकांवर तोल सांभाळायची वेळच येत नाही.

प्रश्न : सायकलवर हेल्मेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे का? मुले घालायला कुरकुरतात. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलींसाठी आहे, सायकलसाठी नाही. पण डोके जमिनीवर आपटते तेव्हा कायदा आठवत नाही. मुलांच्या बाबतीत मी इथे तडजोड करू नका असेच सांगेन, आणि तुम्ही स्वतः न घालता त्यांना सांगितलेत तर ती ऐकणार नाहीत. मोटारसायकलचे जड हेल्मेट नको. सायकलचे हलके, हवा खेळणारे घ्यावे. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, सपाट बसावे. मागे कलंडलेले हेल्मेट कपाळ उघडे ठेवते, आणि मुले ते तसेच घालतात. पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एखादे-दुसरे बोट जाईल इतकीच जागा राहावी. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो आणि तो पुन्हा धक्का झेलत नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे. लहानपणी भावाला सायकल मिळाली, मला मिळाली नाही. आता मुलगी शिकते आहे तर तिच्याबरोबर शिकावेसे वाटते. हसे होईल का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. जरूर शिका, आणि मुलीबरोबरच शिका. आई पडते, उठते आणि पुन्हा बसते, हे तिने पाहणे फार चांगले. वर सांगितलेली पायडल काढण्याची रीत मोठ्यांनाही तेवढीच लागू पडते. मोकळे, सपाट मैदान निवडा, डांबरी उतार नको. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वीसेक पावले पुढे ठेवा, कारण सायकल नजरेच्या मागे जाते. ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट बांधा आणि सलवारीची उजवी मोहरी वर दुमडून रबर लावा. साखळी त्याच बाजूला असते. हसणारे दोन दिवस हसतील. आठवडाभरात तुम्हाला मैदानाला एक फेरी मारता येईल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : पावसाळ्यात सायकल बंद ठेवावी का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : मुलांसोबत रस्त्यावर, हो. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडे झाकण, हे कोणालाच कळत नाही. मेट्रोच्या कामाजवळचे लोखंडी पत्रे, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि गटारांच्या जाळ्या ओल्या झाल्या की साबणासारख्या निसरड्या होतात, आणि रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो. उघडीप असेल तेव्हा आवारात चालवा. सायकल उभी ठेवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून साखळीला तेलाचे चार थेंब सोडा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत एवढे केले नाही तर गणपतीपर्यंत साखळी गंजून धरते. ठेवायची ती जिन्यात ठेवू नका, आगीच्या वेळी बाहेर पडायला तीच वाट हवी असते. पाऊस संपल्यावर पहिल्यांदा बाहेर काढण्याआधी सायकल मार्टमध्ये नेऊन ब्रेकचे रबर, चाक आउट आहे का, म्हणजे वाकडे फिरते का, आणि वॉल्व्हची रबरी नळी, एवढे तपासून घ्या, आणि हवा स्वतःच्या समोर भरून घ्या.